विभाग चालवणारा माणूस इतिहासात का दिसत नाही? : अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचा सायन्स डिपार्टमेंट

मागच्या लेखात आपण ‘संशोधनाचा प्रश्न’ आणि ‘संशोधनाचा विषय’ यांतला फरक बघितला. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की एखादं धडधडीत उदाहरण द्या. म्हणून आज माझ्याच अभ्यासाच्या जवळचं एक उदाहरण घेतो. विषय ऐकायला अगदी रुक्ष आहे: अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये सायन्सचा विभाग कोण आणि कसा चालवत आला. पण थोडं थांबा. यात एक डॉक्टरेटचा प्रबंध आहे ज्याने असंख्य प्रयोगशाळांचं वेळापत्रक बदललं. एक गाजलेला समाजशास्त्रीय लेख आहे, ज्यात माझ्या मते एक माणूस गायब आहे. आणि साधनांची अशी एक युक्ती आहे जी तुम्ही उद्या तुमच्या जिल्ह्यातल्या कॉलेजवरही वापरू शकता.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हटलं की अकरावी-बारावी. महाराष्ट्रात १०+२+३ चा आकृतिबंध आला, दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, आणि तेव्हापासून हा शब्द आपल्या तोंडात बसला. अमेरिकेत मात्र ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षं, आपल्या हिशोबाने एफवाय आणि एसवाय. पुढे याच कॉलेजांना ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणायला लागले. दोन वर्षं इथे करायची, मग जमलं तर विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, नाही तर दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन नोकरीला लागायचं.

आता मजा बघा. ही कल्पना गरिबांच्या शिक्षणाच्या कळवळ्यातून निघाली असं आपण समजतो, पण तिची एक मोठी मुळी संशोधनात आहे. शिकागो विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर जर्मन धर्तीच्या संशोधन-विद्यापीठाने भारावलेला होता. त्याचं म्हणणं असं, की पहिली दोन वर्षं हे खरं म्हणजे शाळेचंच काम, विद्यापीठाने त्यात अडकू नये. त्याने आपल्याच विद्यापीठात पहिल्या दोन वर्षांना ‘ज्युनिअर कॉलेज’ आणि पुढच्या दोनांना ‘सीनियर कॉलेज’ अशी नावं दिली. मग इलिनॉयमधल्या जोलिएट या गावच्या हायस्कूलचा प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन याच्याशी त्याचं जमलं आणि १९०१ साली जोलिएट ज्युनिअर कॉलेज सुरू झालं. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी. म्हणजे प्राध्यापकांना संशोधनाला वेळ मिळावा म्हणून एफवाय-एसवायचं ओझं दुसरीकडे सरकवायचं, असाही एक हेतू या जन्मात आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंग्रजी किंवा इतिहास शिकवायला एक खोली आणि एक शिक्षक पुरतो. सायन्सचं तसं नाही. सुरुवातीची बरीच ज्युनिअर कॉलेजं हायस्कूलच्याच इमारतीत भरायची. प्रयोगशाळा तीच आणि पुष्कळदा शिक्षकही तोच. पण विद्यार्थ्याला पुढे विद्यापीठात घ्यायचं की नाही हे ठरवणार विद्यापीठ. तुमच्या केमिस्ट्रीच्या कोर्समध्ये प्रॅक्टिकलचे तास किती, पाठ्यपुस्तक कोणतं, शिक्षक किती शिकलेला, हे सगळं ते बघणार. त्यामुळे सायन्सचा विभाग पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या नियमांवर चालला. कागदावर अभ्यासक्रम कॉलेजचा, प्रत्यक्षात तो पन्नास मैलांवरच्या विद्यापीठाच्या कोर्सशी ताडून बनवलेला.

आणि अजून एक गोष्ट, जी पीएचडीच्या तयारीत असलेल्या तुम्हाला लगेच कळेल. अमेरिकी विद्यापीठात पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स कोण घेतं? बहुतेक वेळा पीएचडी करणारे विद्यार्थी. त्याच कामावर त्यांची फी माफ होते आणि पोट चालतं. कम्युनिटी कॉलेजात पीएचडीचे विद्यार्थीच नाहीत. म्हणजे लेक्चर घेणारा, प्रॅक्टिकल घेणारा, पेपर तपासणारा आणि पुष्कळ छोट्या कॉलेजांत आदल्या संध्याकाळी द्रावणं बनवून ठेवणारा माणूस एकच. हार्परने सरकवलेलं ओझं नेमकं इथे येऊन पडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र एकदम मोठं झालं. १९४४ च्या जीआय बिलामुळे सैन्यातून परतलेले तरुण सरकारी पैशावर कॉलेजात आले. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. जॉर्ज झूक त्याचे अध्यक्ष होते आणि अहवालाचे खंड होते सहा. देशातल्या निदान ४९ टक्के लोकांची चौदा वर्षांचं शिक्षण पूर्ण करण्याइतकी कुवत आहे, असं त्यांनी मांडलं. चौदा वर्षं म्हणजे शाळेची बारा अधिक दोन. ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द सगळीकडे रुळला तो या अहवालामुळे. अहवालात लोकशाही आहे, समान संधी आहे, मोठी मोठी ध्येयं आहेत. फ्यूम हूड किती लागतील, हे अर्थातच नाही.

इथे थांबून एका प्रबंधाकडे बघू, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात रंजक गोष्ट आहे.

मिल्ड्रेड मोंटॅग नावाची एक नर्सिंगची अभ्यासक कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये डॉक्टरेट करत होती. तेव्हा अमेरिकेत नर्स व्हायचा मुख्य रस्ता म्हणजे हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत तीन वर्षं. त्यातला मोठा भाग वॉर्डात काम करण्यातच जायचा. शिकणं कमी आणि राबणं जास्त, अशी टीका बरीच वर्षं चालू होती. मोंटॅगने प्रबंधात मांडलं की नर्सिंगचं काम वेगवेगळ्या पातळ्यांचं आहे, आणि मधल्या पातळीसाठी ‘नर्सिंग टेक्निशियन’ तयार करायला दोन वर्षं पुरतील. पण ते शिक्षण हॉस्पिटलात नको, कॉलेजात हवं. प्रबंध १९५१ साली पुस्तकरूपाने आला. १९५२ पासून पाच वर्षं प्रत्यक्ष प्रयोग झाला. सात ज्युनिअर आणि कम्युनिटी कॉलेजं, आणि एक हॉस्पिटल. तिथल्या विद्यार्थिनी परवाना परीक्षेत व्यवस्थित उतरल्या. १९५९ नंतर केलॉग फाउंडेशनने चार राज्यांत या शिक्षणक्रमाच्या प्रसाराला पैसा दिला, आणि मग तो देशभर गेला.

आता हा इतिहास नर्सिंगच्या पुस्तकांत सविस्तर मिळतो. पण तो सायन्स विभागाच्या दारातून बघा. नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला ॲनाटमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी हवं. हे कोर्स नर्सिंग विभाग शिकवत नाही, बायोलॉजीवाले शिकवतात. म्हणजे जो विभाग आतापर्यंत विद्यापीठाकडे तोंड करून झूलॉजी आणि बॉटनी शिकवत होता, त्याच्याकडे अचानक दुसऱ्याच गरजेचे विद्यार्थी रांग लावून उभे. त्यांना ऑटोक्लेव्ह हवा, इनक्युबेटर हवा, कल्चर हवीत, विच्छेदनाचे नमुने हवेत. आणि या मुलींना सेमिस्टर चुकवून चालत नाही, कारण पुढचा क्लिनिकलचा प्रवेश या कोर्सच्या मार्कांवर. जीवशास्त्राच्या विभागप्रमुखाचं वेळापत्रक आता वरून विद्यापीठ आणि बाजूने हॉस्पिटल, असे दोघं मिळून ठरवू लागले.

गंमत पुढे आहे. मोंटॅगची मूळ कल्पना ‘टेक्निशियन’ची होती, पूर्ण नर्सपेक्षा वेगळ्या पातळीची. पण दोन वर्षं शिकलेल्यांनाही तीच परवाना परीक्षा, तोच परवाना मिळाला. मग वेगळी पातळी राहिलीच कुठे? १९६५ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनने व्यावसायिक नर्ससाठी पदवीच हवी अशी भूमिका घेतली, आणि त्यावरचं भांडण कित्येक दशकं चाललं. प्रबंधाची रचना जगात गेली, पण त्यातला मध्यवर्ती भेद वाटेतच गळाला. ‘माझ्या संशोधनाचा उपयोग काय’ असं विचारणाऱ्यांनी मोंटॅगचं प्रकरण जरूर वाचावं. उपयोग होतो, पण आपण म्हटलेलाच होतो असं नाही.

याच काळात कॅलिफोर्नियाने १९६० साली आपला मास्टर प्लॅन केला. शाळा संपवणाऱ्यांपैकी वरचे एक अष्टमांश युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे, वरचे एक तृतीयांश स्टेट कॉलेजांकडे पात्र, आणि ज्युनिअर कॉलेजांचं दार सगळ्यांना उघडं. तिथे १९८४ पर्यंत राज्यातल्या विद्यार्थ्यांना शिकवणीची फीसुद्धा नव्हती. स्पुटनिक १९५७ साली उडालं, सायन्सला पैसा आला, इमारती उठल्या. ही कथा तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल, म्हणून तिच्यात रेंगाळत नाही.

रेंगाळायला हवं ते बर्टन क्लार्कपाशी. १९६० साली या समाजशास्त्रज्ञाचा ‘कूलिंग आउट’वरचा लेख अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजीमध्ये आला. शब्द त्याने अर्व्हिंग गॉफमनकडून उचलला. गॉफमनने १९५२ मध्ये ठगांबद्दल लिहिलं होतं: लुबाडलेल्या माणसाने आरडाओरडा करू नये म्हणून टोळीतला एक जण मागे राहून त्याची समजूत काढतो, त्याला ‘थंड’ करतो. क्लार्क म्हणाला, उघड्या दाराचं कॉलेज हेच करतं. सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून त्याने दाखवलं की चार वर्षांच्या पदवीची स्वप्नं घेऊन आलेल्या पण ती झेपणार नाहीत असं दिसणाऱ्या मुलाला कॉलेज ‘नाही’ म्हणत नाही. प्रवेशाच्या वेळच्या चाचण्या, समुपदेशकाच्या भेटी, कमी मार्क, प्रोबेशन, असं करत करत त्याला हळूच दुसऱ्या वाटेवर वळवतं. इंजिनियर व्हायचं होतं, इंजिनियरचा सहाय्यक हो. आणि मुलाला वाटतं, निर्णय आपणच घेतला.

लेख जबरदस्त आहे, आजही अंगावर येतो. पुढे जेरोम कॅराबेलने १९७२ मध्ये आणि मग स्टीव्हन ब्रिंटबरोबर १९८९ च्या पुस्तकात ही टीका अजून धारदार केली: ही कॉलेजं कामगारवर्गातल्या मुलांना वर नेण्यापेक्षा बाजूला वळवतात. क्लार्कने स्वतः १९८० मध्ये आपल्या मांडणीकडे पुन्हा वळून बघितलं.

पण आता माझा प्रश्न. क्लार्कच्या मांडणीच्या केंद्रात समुपदेशक आहे, चाचणी आहे, फाइलमध्ये साठत जाणारा पुरावा आहे. हे कमी मार्क कुठून येतात? इंजिनियर होऊ बघणाऱ्या मुलाच्या बाबतीत बहुधा गणित, केमिस्ट्री, फिजिक्स यांच्या पहिल्या कोर्समधून. तो कोर्स किती कठीण ठेवायचा, आधी तयारीचा कोर्स लावायचा की नाही, नापास झाला तर पुढच्याच सेमिस्टरला पुन्हा तुकडी उघडायची की वर्षभर थांबवायचं, ती तुकडी संध्याकाळी ठेवायची की नाही, हे सगळं कोण ठरवतं? सायन्सचा विभागप्रमुख. आणि तो तर चित्रात जवळजवळ नाहीच! वीस मुलांना वळवण्याइतका परिणाम एका वेळापत्रकाच्या चौकटीत होऊ शकतो, आणि त्यात कुणाची समजूत काढायचा प्रश्नच येत नाही. कोर्सच उघडला नाही, विषय संपला.

बघा, इथे विषयाचा प्रश्न झाला. ‘कम्युनिटी कॉलेजमधील विज्ञान शिक्षण’ हा विषय. ‘विद्यार्थी विज्ञानातून बाहेर पडण्यात समुपदेशनाचा वाटा किती आणि विभागाच्या वेळापत्रकाचा किती’ हा प्रश्न. पहिल्यावर प्रकरणांमागून प्रकरणं लिहिता येतात आणि काहीच सिद्ध होत नाही. दुसऱ्यात तुम्ही चूक ठरू शकता, म्हणून तो चांगला.

विभागप्रमुखाचे हात किती बांधलेले होते हेही बघावं लागेल, नाही तर आपण त्यालाच खलनायक करून बसू. पूर्णवेळ शिक्षकाचा आठवड्याचा भार साधारण १५ तासांचा. पण प्रॅक्टिकलचा तास हा पूर्ण तास धरायचा का? अनेक कॉलेजांत तीन तासांची लॅब दोन तासांची किंवा त्याहूनही कमी धरली गेली. म्हणजे इंग्रजीचा शिक्षक १५ तास शिकवून घरी, आणि केमिस्ट्रीवाला त्याच पगारात वीसेक तास लॅबमध्ये उभा. आपल्याकडच्या कुठल्याही स्टाफरूममध्ये हा वाद ऐकायला मिळतो, त्यामुळे जास्त समजावत नाही. त्यात १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत दोन वर्षांच्या कॉलेजांतले निम्म्याहून जास्त शिक्षक अर्धवेळ झाले होते. आपल्या भाषेत तासिका तत्त्वावरचे. तासिका तत्त्वावरचा माणूस येतो, शिकवतो, जातो. रसायनांची ऑर्डर, तुटलेल्या ब्युरेटचा हिशोब, सेफ्टीची पाहणी, विद्यापीठाशी कोर्स जुळवण्याची पत्रं, हे सगळं उरलेल्या दोन-तीन पूर्णवेळ लोकांवर. १९७८ साली कॅलिफोर्नियात प्रपोझिशन १३ ने मालमत्ता करावर मर्यादा आणली आणि स्थानिक करांवर जगणाऱ्या तिथल्या कॉलेजांचा कणाच हलला. अशा वेळी यादीतली पहिली काट मारली जाते ती कमी विद्यार्थ्यांच्या, महागड्या तुकडीवर. दुसऱ्या वर्षाची ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसवाली फिजिक्स नेमकी तशीच असते. आणि त्या दोन कोर्सशिवाय मुलगा विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला सायन्समध्ये जाऊच शकत नाही.

या ओझ्यावर यंत्राने उपाय काढायचे प्रयत्नही झाले. पर्ड्यू विद्यापीठात सॅम्युअल पोस्टलथवेट याने १९६१ मध्ये बॉटनी शिकवायला टेपरेकॉर्डरची पद्धत काढली. विद्यार्थी आपापल्या कप्प्यात बसून, टेप ऐकत, समोर ठेवलेला नमुना हाताळत शिकणार. कम्युनिटी कॉलेजांतल्या बायोलॉजीवाल्यांना ती फार आवडली, कारण लॅब दिवसभर उघडी ठेवता येते आणि नोकरी करणारा विद्यार्थी सोयीने येऊ शकतो. मिशिगनमधलं ओकलंड कम्युनिटी कॉलेज तर १९६५ साली याच पद्धतीवर उघडलं. एका बॉटनीच्या कोर्सला जमलेली गोष्ट पूर्ण कॉलेजला लावणं फार दिवस टिकलं नाही, ते सोडा.

आता साधनांकडे, कारण खरी अडचण तिथे आहे. कॉलेजचा अध्यक्ष आठवणी लिहितो, विभागप्रमुख लिहीत नाही. त्याच्या फाइली निवृत्तीनंतर रद्दीत जातात. मग त्याला शोधायचं कुठे?

लिओनार्ड कूस याने १९२४ च्या आपल्या ‘द ज्युनिअर कॉलेज’ या अभ्यासात कॉलेजांचे कॅटलॉग चाळले. आपल्याकडे ज्याला प्रॉस्पेक्टस म्हणतात तेच. कॅटलॉग छापील, जपलेला, सहज मिळणारा, म्हणून कित्येक अभ्यासकांनी हाच रस्ता धरला. पण कॅटलॉग काय सांगतो? कॉलेजने काय देऊ केलंय ते. प्रत्यक्ष काय शिकवलं गेलं ते नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्री कॅटलॉगमध्ये दहा वर्षं छापून येते आणि तुकडी दोनदाच भरते, असं खुशाल होऊ शकतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आर्थर कोहेन आणि फ्लॉरेन्स ब्रॉवर यांच्या लॉस एंजेलिसमधल्या केंद्राने नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून विज्ञान-शिक्षणाचा मोठा अभ्यास केला. त्यांनी १७५ कॉलेजांचे कॅटलॉग तर घेतलेच, त्याबरोबर १९७७-७८ ची वर्गांची वेळापत्रकंही मागवली, म्हणजे त्या सेमिस्टरला प्रत्यक्ष जाहीर झालेल्या तुकड्यांची यादी. शिवाय शिक्षकांना प्रश्नावली पाठवली. साधी गोष्ट आहे ना? पण दोन कागद शेजारी ठेवल्यावर वचन आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर मोजता येतं, आणि त्या अंतरात विभागप्रमुख सापडतो. त्याने काय उघडलं, काय मिटवलं, कुठली लॅब संध्याकाळी ठेवली.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. १९९२ साली अमेरिकी काँग्रेसने तंत्रज्ञ-शिक्षणासाठी खास कायदा केला आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनला दोन वर्षांच्या कॉलेजांकडे वळायला लावलं. त्यातून आलेला निधी मिळवायचा तर प्रस्ताव लिहावा लागतो, आणि तोही त्याच दोन-तीन पूर्णवेळ माणसांना. आपल्याकडे २०१३ च्या सुमाराला यूजीसीने कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, महाराष्ट्रातल्या काही कॉलेजांनी ती घेतली. नाव तेच, पण आपल्याकडे तो चालू कॉलेजला जोडलेला कौशल्य-अभ्यासक्रम झाला, विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाकडे जाणारा रस्ता नव्हे. त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करणारा सिनॉप्सिस घेऊन गाइडकडे जाऊ नका, पहिल्याच पानावर अडकाल.

करून बघायचं असेल तर हे करा. तुमच्या गावातलं पन्नासेक वर्षं जुनं सायन्स कॉलेज निवडा. एका वर्षाचं प्रॉस्पेक्टस मिळवा, त्याच वर्षाचं नोटीस बोर्डावर लागलेलं वेळापत्रक कुणी जपलंय का ते विचारा, आणि डेडस्टॉक रजिस्टर बघायची परवानगी मागा. परवानगी लेखी मागा, प्राचार्यांच्या नावे, आणि कशासाठी हवंय ते दोन ओळीत लिहा. रजिस्टर बहुतेक वेळा ऑफिसात नसतं. ते लॅब असिस्टंटच्या कपाटात असतं, आणि कुठली बॅलन्स कधी आली नि कुठली बॅच कधी बंद झाली, हे रजिस्टरपेक्षा जास्त त्यांना माहीत असतं. तेव्हा आधी त्यांच्याशी बोला, चहा वगैरे घ्या, आणि मगच कागद उघडा.